मोटारीच्या कमानीची कथा

श्रोते हो, कांहीं महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. हल्लीं तो स्वतःचें गॅरेज चालवितो. म्हणाला, “गुरुजी, गाडी दोन इंच खालीं बसवावी म्हणून स्प्रिंगेचे वेढे करवतीनें कापले. आतां प्रत्येक गतिरोधकावर गाडी धाडकन् आपटते. हुकचा नियम तुम्हींच शिकविलात. मग माझें चुकलें कोठें?” त्याच्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जी कथा हातीं लागली, तीच आज सांगणार आहें.

रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं आपला नियम उघड केला. जितका भार, तितका ताण, हें त्याचें सार. परंतु त्या काळच्या गाड्या चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेल्या असत. १८०४ सालीं लंडनच्या ओबादाया इलियट ह्यानें समोरासमोर बसविलेल्या पोलादी पाट्यांच्या कमानींचें पेटंट घेतलें, आणि गाडीखालची जड लांकडी दांडी अनावश्यक ठरली. पुढें मोटारी आल्या, त्याही ह्याच पाट्यांवर धांवूं लागल्या.

ह्यांत एक उणीव होती. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं त्याच आंसावरील दुसरें चाकही कलत असे. इटलींतील व्हिन्सेन्झो लान्चा ह्यानें १९२२ च्या आपल्या लॅम्ब्डा मोटारींत पुढील चाकें स्वतंत्र केलीं, व उभ्या नळीच्या पोटांत वेटोळी स्प्रिंग आणि तेलाचा दट्ट्या ह्यांना एकत्र नांदविलें. स्प्रिंग धक्का झेलते खरी, पण नंतर ती उसळ्या मारीत राहते. ही उसळी तेलांतील दट्ट्या शमवितो.

ह्यानंतरचा मोठा पुरुष म्हणजे अमेरिकेंतील अर्ल मॅक्‌फर्सन. १९४५ पासून तो शेव्हरोलेच्या एका लहान मोटारीच्या कामावर होता. १९४७ सालीं ती योजना बारगळली व तो फोर्ड कंपनींत गेला. त्यानें चाकावरची वरची भुजाच काढून टाकली. एकच उभा खांब, म्हणजे स्ट्रट, चाकास सरळ धरी, धक्का शमवी व भोंवतालच्या स्प्रिंगेस बैठकही देई. १९५० च्या इंग्लिश फोर्ड कॉन्सल गाडीस ही रचना लाभली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्यें रस्त्यावर आलेल्या मारुति ८०० च्या पुढील चाकांनाही हेच खांब होते.

आतां गाडी खालीं बसविण्याचा प्रश्न. १९६९ च्या ऑक्टोबरांत जपानांत निघालेल्या डॅटसन २४० झेड ह्या गाडीस चारही चाकांवर स्ट्रट होते. १९७० व १९७१ ह्या दोन्ही वर्षीं जॉन मॉर्टन ह्यानें तिच्यावर स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेचें आपल्या वर्गाचें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, आणि पुढें हौशी मंडळींनीं तिच्या खांबांवर हात चालविला.

त्यांची रीत अशी. खांबावर झाळलेली स्प्रिंगेची जुनी बैठक घासून काढावयाची. आंतील तेल पूर्ण रिकामें करून नळी कापावयाची व तिचा दोन इंचांचा तुकडा काढावयाचा. मग दोन्ही टोकें एका रेषेंत धरून झाळावयाचीं, व आंत आंखूड दट्ट्या बसवावयाचा. बाहेरून आटे पाडलेली नळी चढवितात; तिच्यावरची कडी फिरविली कीं बैठक वरखालीं होते. तिच्यावर अडीच इंच आंतील व्यासाची सडपातळ स्प्रिंग बसते. ह्या जोडणीलाच कॉइलओव्हर म्हणतात. स्प्रिंग सडपातळ असल्यानें रुंद टायरालाही जागा मिळते.

पण नळी कापावयाची कशासाठीं? येथेंच माझ्या विद्यार्थ्याचें उत्तर आहे. गाडी दोन इंच खालीं बसली कीं दट्ट्याच्या दांड्याची वर जाण्याची वाटही दोन इंचांनीं कमी होते. समजा, आधीं ती चार इंच होती. आतां दोनच उरली. हुकच्या नियमानें जोर ताणाच्या प्रमाणांत वाढतो. परंतु स्प्रिंगेंत साठणारी शक्ति ताणाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून निम्म्या वाटेंत तोच धक्का केवळ स्प्रिंगेनें झेलावयाचा, तर ती चौपट ताठ हवी. वेढे कापल्यानें स्प्रिंग थोडी ताठ होते, चौपट होत नाहीं. म्हणून गाडी आपटते. नळी तितकीच आंखूड केली कीं गेलेली वाट परत मिळते. नियमाचा पूर्वार्ध मीं वर्गांत घोकून घेतला. उत्तरार्ध मात्र सांगितला नाहीं. ती चूक विद्यार्थ्याची नव्हे, माझी होती.

तथापि, श्रोते हो, हें काम आंगणांत बसून करण्याचें नव्हे. तोच खांब चाकास धरून असतो. झाळ तिरकी बसली वा कच्ची राहिली, तर चाकच निकामी होईल. शिवाय नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मनाई करतें. मीं माझ्या विद्यार्थ्यास एवढेंच सांगितलें, “बाबा, मूळच्या स्प्रिंगा परत घाल. आणि तुझ्या हाताखालच्या पोरांना नियम शिकवशील तेव्हां दोन्ही अर्ध शिकव.” त्यानें स्प्रिंगा बदलल्या. गेल्या आठवड्यांत तो मला त्याच गाडींतून बाजारास घेऊन गेला. वाटेंतले पांचही गतिरोधक मीं मोजले. गाडी एकदांही आपटली नाहीं.