वारापासून पासापर्यंत : नाशिकला शिकायला येणाऱ्यांची वाट

नाशिक जिल्ह्यातील शिक्षणाच्या इतिहासात संस्थांची स्थापना, देणगीदारांची नावे आणि इमारतींच्या कोनशिला यांना मोठी जागा मिळाली आहे. खेड्यातले मूल शहरातल्या वर्गापर्यंत कसे पोहोचत होते आणि त्याचा खर्च कोण सोसत होते, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. शिकणाऱ्या पोराला नातलगांनी हातभार लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी असून तिचे रूप वाहनांच्या सोयीप्रमाणे पालटत गेले. गाडी नव्हती तेव्हा शहरातील नातलगाला ओसरीवर जागा आणि ताटात भाकरी द्यावी लागे. गाडी गावापर्यंत आल्यावर तीच मदत दरमहा पासाच्या पैशांच्या रूपाने दिली जाऊ लागली.

नाशिकच्या बाबतीत हा प्रश्न शहराच्या ठेवणीतच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग गोदाकाठच्या जुन्या वस्तीला वळसा घालून गेला आणि स्थानक शहरापासून आठ-नऊ किलोमीटर दूर, ज्याला पुढे नाशिकरोड म्हणू लागले तेथे झाले. हे अंतर तोडण्यासाठी १८८९ साली मेन रोडपासून स्थानकापर्यंत ट्राम सुरू झाली. आरंभी तिचे डबे घोडे ओढत असत. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ती बंद पडली. ट्रामची सोय शहर आणि स्थानक यांना जोडणाऱ्या एका पट्ट्यापुरती होती. दिंडोरी, पेठ, सिन्नर किंवा त्र्यंबक या बाजूंच्या खेड्यांतून इंग्रजी शाळेसाठी येणाऱ्या मुलांना तिचा उपयोग नव्हता. त्यांच्यापुढे रोज चालणे किंवा शहरातच राहणे एवढेच दोन मार्ग होते, आणि चार-पाच मैलांपलीकडच्या गावाला पहिला मार्गही बंदच होता.

त्यामुळे आज शहराची उपनगरे वाटावीत इतक्या जवळच्या गावांतील मुलेही त्या काळी घर सोडून येत. विनायक दामोदर सावरकर भगूरहून नाशिकच्या शिवाजी विद्यालयात शिकायला आले, तेव्हा जेमतेम सहा कोसांचे ते अंतर असूनही त्यांना शहरात बिऱ्हाड करून राहावे लागले. पुढच्या पिढीत वि. वा. शिरवाडकर पिंपळगाव बसवंत येथे प्राथमिक शिक्षण घेऊन माध्यमिक शिक्षणासाठी नाशिकला आले. तेच पिंपळगाव आज बसने तासाभराच्या अंतरावर आहे. अशा मुलांच्या पोटाची सोय दोन रीतींनी होत असे. मधुकर म्हणजे भुंगा जसा फुलाफुलावर थोडा थोडा मध गोळा करतो, तसे घरोघरी जाऊन शिजवलेले थोडे थोडे अन्न मागून आणणे ही माधुकरी. तर आठवड्याच्या सात वारांसाठी सात घरे ठरवून ज्या घरी ज्याचा वार त्या घरी जेवायला जाणे, याला वार लावून जेवणे म्हणत. वार देणारे घर बहुधा नात्याचे, गावकीचे किंवा ओळखीचे असे. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी पाण्यावर दिवस काढायचा, हे वारावर जेवणाऱ्या मुलाने गृहीतच धरलेले असे.

नातलगाच्या घरीच राहणाऱ्या मुलाची स्थिती याहून बरी असली तरी ती मोकळी नव्हती. मामा, मावशी, आत्या किंवा चुलते यांच्या घरी राहणारा मुलगा पाणी भरी, बाजार करी, घरातल्या लहान मुलांचा अभ्यास घेई. सुगी झाली की त्याच्या गावाहून बाजरीचे किंवा गव्हाचे पोते येई, आणि घेतल्या-दिल्याचा हिशेब न बोलता जुळे. या व्यवस्थेत माया होती, मिंधेपणही होते, आणि ही दोन्ही एकाच ताटात वाढली जात असत.

या रीतीला जातीची कडक मर्यादा होती, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. वार आणि माधुकरी यांचा आधार मुख्यतः ब्राह्मण मुलांना होता. शेतकरी जातींच्या मुलांचे शहरात नातलगच थोडे होते, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना तर उंबऱ्याशी उभे राहण्याचीच बंदी होती. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून ज्या शहरात १९३० साली सत्याग्रह करावा लागला आणि तो पाच वर्षे चालला, त्या शहरात दलित विद्यार्थ्याला वार कोण देणार, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. जेथे नातलगांची ओसरी नव्हती तेथे समाजाने वसतिगृह उभे केले. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कार्यात उदोजी मराठा बोर्डिंगला असलेले महत्त्व याच संदर्भात समजते: बहुजन समाजाच्या मुलांना शाळेआधी शहरात राहण्याची जागा हवी होती.

या चित्रात मूलभूत बदल घडवला तो एसटीने. मुंबई राज्याच्या सरकारी वाहतूक सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली, आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर ही सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या नावाने राज्यभर पसरली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मुक्कामी गाडी. दिवसाची शेवटची फेरी घेऊन जी बस गावात जाते, रात्री देवळापाशी किंवा चावडीपाशी उभी राहते, जिचे चालक आणि वाहक गावातच झोपतात आणि जी पहाटे पहिली फेरी घेऊन शहराकडे निघते, तिला मुक्कामी गाडी म्हणतात. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि दप्तरे एकाच गाडीत चढू लागली, तेव्हा शिक्षणासाठी घर सोडण्याची सक्ती पहिल्यांदा सैल झाली. याच काळात शहरातील महाविद्यालयेही वाढली: गोखले एज्युकेशन सोसायटीचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ पासून होतेच, १९५७ मध्ये भि. य. क्ष. वाणिज्य महाविद्यालय निघाले आणि १९६९ मध्ये गंगापूर रोडवर मराठा विद्या प्रसारक समाजाचे, पुढे केटीएचएम या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय सुरू झाले. मध्यवर्ती बसस्थानकावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीबीएसवर उतरून यांतील कोणत्याही ठिकाणी चालत जाता येत असे.

विद्यार्थ्याच्या मासिक पासाची घडण पाहिली, तर ती किती विचारपूर्वक केली आहे हे ध्यानात येते. साध्या प्रवाशाच्या मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. विद्यार्थ्याला मात्र भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे जेथे इतरांना तीन रुपये पडतात तेथे त्याला एक रुपया पडतो, आणि उरलेल्या रकमेची भरपाई राज्य शासन महामंडळाला करते. हा पास कोठेही हिंडण्याचा परवाना नसतो. शाळेचा बोनाफाईड दाखला म्हणजे हा विद्यार्थी खरोखर येथे शिकतो असे मुख्याध्यापकांचे शिक्क्यानिशी पत्र, त्यासोबत छायाचित्र, आणि पासावर लिहिलेली गावाच्या थांब्याची व शाळेच्या थांब्याची नावे, यांमुळे त्याची मर्यादा पक्की होते. मुदत संपली की पुन्हा खिडकीवर जाऊन पैसे भरावे लागतात.

नेमक्या या दरमहाच्या मुदतीतून नातलगांच्या मदतीचे नवे रूप जन्माला आले. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो पिकाच्या चालीने: द्राक्षे खुडल्यावर, टोमॅटोचा तोडा झाल्यावर, किंवा लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव होऊन पट्टी मिळाल्यावर. पासाची तारीख पिकाकडे पाहत नाही. महिन्याच्या आरंभी रोख रक्कम हाती असणारा माणूस घराण्यात एकच असे, आणि तो म्हणजे पगारदार. नाशिकरोडला १९२० नंतरच्या दशकात निघालेले छापखाने, ज्यांना गावात नुसते ‘प्रेस’ म्हणतात, १९६४ पासूनचा ओझरचा विमान कारखाना, आणि सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती यांनी जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांत असा एखादा पगारदार मामा किंवा काका निर्माण केला. ज्याने पूर्वीच्या काळी भाच्याला ओसरी दिली असती, तो आता त्याच्या हातावर पासाचे पैसे ठेवू लागला. ही रक्कम लहान असल्यामुळे ती मागताना बापाची मान खाली जात नसे, आणि देणाऱ्यालाही तिचा उच्चार करावासा वाटत नसे. शिक्षणाच्या इतिहासात शिष्यवृत्त्यांची नोंद झाली. या बिननावाच्या, महिन्याच्या महिन्याला पोहोचणाऱ्या रकमेची कोठेही नोंद नाही, आणि तिच्यावर पदवीपर्यंत गेलेल्यांची संख्या लहान असणे शक्य नाही.

जुन्या आणि नव्या रीतीचा सांधा एसटीच्या डब्यात दिसतो. गाव फार दूर असले आणि मुलाला शहरात खोली करून राहावे लागले, तरी त्याच्या जेवणाची सोय आईच्या हातून सुटत नसे. पहाटेच्या गाडीच्या वाहकाकडे कापडात बांधलेला डबा दिला जाई आणि मुलगा स्थानकावर येऊन तो घेई व आदल्या दिवशीचा रिकामा डबा परत देई. डब्याच्या झाकणावर तेलरंगाने किंवा खिळ्याने कोरून नाव घातलेले असे, कारण एकाच गाडीत असे अनेक डबे असत. महामंडळाच्या सवलतींच्या यादीत विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या डब्यांना स्वतंत्र जागा मिळाली, यावरून हा प्रघात किती रुळला होता ते कळते.

मुलींच्या शिक्षणात तर पासाचे स्थान याहून मोठे आहे. मुलगा नातलगाकडे ठेवण्यास तयार असणारे घर मुलीला तसे ठेवण्यास राजी नसे, आणि तिच्यासाठी महिन्याला रोख पैसे काढण्यासही कचरत असे. त्यामुळे गावची शाळा जेथे संपे तेथे तिचे शिक्षण संपे. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेने ग्रामीण भागातील पाचवी ते दहावीच्या, आणि पुढे बारावीपर्यंतच्या मुलींचा शाळेचा प्रवास मोफत केला, तेव्हा ‘पासाला पैसे नाहीत’ हे कारण उरले नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांत खास विद्यार्थिनींसाठी निळ्या बस सुरू झाल्या आणि त्यांचा लाभ सुरगाणा-पेठसारख्या डोंगरी तालुक्यांनाही मिळाला. मात्र बारावीनंतर मोफत प्रवास थांबतो आणि तीच मुलगी महाविद्यालयात जाताना पुन्हा एक तृतीयांश भाडे भरू लागते. तालुक्याच्या गावाऐवजी नाशिक गाठायचे असल्यामुळे अंतरही नेमके तेव्हाच वाढते. सवलत संपण्याची ही जागा चुकीची आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. रेल्वेने या बाबतीत अधिक उदार धोरण ठेवले: मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास तिने मोफत केला. मनमाड, लासलगाव, निफाड या मार्गावरील मुलींना त्याचा आधार आहे, पण रेल्वे त्यांना नाशिकरोडला सोडते आणि ट्रामच्या काळातले ते आठ-नऊ किलोमीटर तसेच पुढे उभे राहतात.

सुरगाण्याच्या आतल्या पाड्यांवरून नाशिकला रोज येणे-जाणे पासानेही शक्य होत नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असून, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे थेट बँक खात्यात देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना त्याच विभागाची आहे. जेथे गाडीची वाट अपुरी पडते, तेथे मदत अजूनही छप्पर आणि जेवण याच रूपात द्यावी लागते.

मधल्या काळात शहर स्वतःच पसरले. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड आणि देवळाली या नगरपालिका व भोवतालची खेडी मिळून महानगरपालिका झाली, आणि नवी महाविद्यालये आडगाव, त्र्यंबक रस्ता अशा कडेच्या भागांत गेली. सीबीएसपासून चालत वर्ग गाठण्याचा काळ सरला. तोवर शहरातील बससेवाही एसटीच चालवत होती. ८ जुलै २०२१ पासून ती महानगरपालिकेच्या परिवहन महामंडळाकडे, म्हणजे ‘सिटीलिंक’कडे आली. शहराला नव्या बस मिळाल्या. बाहेरगावच्या विद्यार्थ्याच्या वाटेवर मात्र दोन महामंडळांची हद्द आली: गावापासून स्थानकापर्यंत एसटीचा पास आणि स्थानकापासून महाविद्यालयापर्यंत सिटीलिंकचा. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पुढील एप्रिलपर्यंत लांबला, आणि करोनानंतर नुकत्याच उघडलेल्या शाळा-महाविद्यालयांकडे निघालेल्या खेड्यांतील मुलांना काळी-पिवळी जीप किंवा ओळखीच्याची दुचाकी यांवर अवलंबून राहावे लागले. एक तृतीयांश भाड्याची सवय झालेल्या घराला पूर्ण भाडे काय असते, हे त्या महिन्यांत पुन्हा कळले.

जून २०२४ पासून महामंडळाने ‘एसटी पास थेट तुमच्या शाळेत’ ही मोहीम हाती घेतली. शाळा-महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी आगाराकडे द्यायची आणि पास शाळेतच वाटायचे, अशी तिची रचना असल्यामुळे वर्ष सुरू होताना खिडकीपुढे उभे राहण्यात जाणारे तास वाचले. शहर बसचा पास या यादीत येत नाही. तो वेगळा काढावा लागतो, त्याची तारीखही वेगळी असते, आणि अनेक घरांत त्याचे पैसे गावाकडून मागवले जात नाहीत. सिडकोत, सातपूरला किंवा नाशिकरोडला राहणारे मामा ते देतात.