जावासू बेटाची राजकन्या

इ. स. १८१७ च्या एप्रिलची तीन तारीख. इंग्लंडच्या पश्चिमेस ब्रिस्टल शहरानजीक आल्मंड्सबरी नावाचे खेडे आहे. तेथे एका घराच्या दारात, काळा झगा ल्यालेली आणि डोक्यास काळी शाल गुंडाळलेली एक तरुणी येऊन उभी राहिली व खुणांनी निवारा मागू लागली. तिच्या बोलण्यातील एक अक्षरही कोणास कळेना. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपून दोन वर्षे होत आली होती. बेकारांच्या झुंडी रस्तोरस्ती हिंडत होत्या, आणि भीक मागत भटकणे हा कायद्याने गुन्हा होता. म्हणून गावकऱ्यांनी तिला मॅजिस्ट्रेट सॅम्युएल वॉरल यांच्या नोल पार्क येथील वाड्यावर नेले. वॉरलसाहेबांना संशय आला. त्यांच्या पत्नीला दया आली. त्या मूळच्या अमेरिकेतल्या. परक्या मुलखात आलेल्या बाईविषयी त्यांना अधिक कळवळा वाटला असल्यास नवल नाही.

रात्री तिला गावच्या खाणावळीत ठेवण्यात आले. तेथे भिंतीवर अननसाचे चित्र होते. ते पाहताच तिचा चेहरा खुलला आणि ती उद्गारली, 'अनानास!' झाले, ही पौर्वात्य असली पाहिजे, अशी मंडळींची समजूत होऊ लागली. गोव्याच्या वाचकांस या प्रसंगाची गंमत निराळी सांगावयास नको. तो शब्द मूळचा दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचा. पोर्तुगीजांनी फळाबरोबर तोही आपल्या किनाऱ्यावर उतरविला, आणि युरोपातील बहुतेक भाषांतही तोच रूढ आहे. इंग्रज तेवढे 'पाइनॅपल' म्हणतात. अर्थात त्या शब्दाने सिद्ध काही होत असेल, तर तिने इंग्रजीखेरीज कोणतीतरी भाषा कानांनी ऐकली होती, एवढेच!

पुढे तिला ब्रिस्टलच्या दरिद्री लोकांच्या आश्रयगृहात पाठविण्यात आले. निरनिराळ्या मुलखांतील माणसे आणून तिच्याशी बोलण्याचा प्रयत्न झाला. अखेर मॅन्युएल आयनेसो नावाचा एक पोर्तुगीज खलाशी पुढे आला व म्हणाला, मला हिची भाषा समजते. त्याने सांगितलेली हकीकत अशी : ही जावासू बेटाची राजकन्या कॅराबू. चाच्यांनी हिला पळविले. ब्रिस्टलच्या खाडीत जहाजातून उडी टाकून ही पोहत किनाऱ्यास लागली. जावासू नावाचे बेट पृथ्वीच्या पाठीवर नाही, आणि त्या भाषेचा बोलणाराही तिच्यावाचून दुसरा कोणी नव्हता. तेव्हा खोट्याने खोट्यास ओळखले, असेच म्हणावे लागते.

त्यानंतरचे काही आठवडे नोल पार्कात राजकन्येचे राज्य होते. ती धनुष्यबाण चालवी, तलवारीचे हात करी, 'अल्ला-ताला' म्हणून प्रार्थना करी. तिची चित्रे निघाली, वर्तमानपत्रांत वर्णने आली. पूर्वेकडे सफरी केलेल्या एका गृहस्थाने तिच्या हावभावांवरून तिचे सबंध चरित्र लिहून काढले : बाप चिनी, आई मलायी. बाथ येथील डॉक्टर विल्किन्सन यांनी एडमंड फ्राय यांच्या लिपिसंग्रहावरून तिची भाषा ठरविली. तिच्या डोक्याच्या मागील व्रण हे पूर्वेकडील शस्त्रवैद्यांचे काम असल्याचाही त्यांनी निर्वाळा दिला. तिची लिपी ऑक्सफर्डला गेली, तेव्हा ही कोणतीच भाषा नव्हे, असे तेथून स्पष्ट उत्तर आले. पण ते ऐकतो कोण?

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. ती पोर फार थोडे बोलली. उरलेले या विद्वानांनी भरले. त्यांना जेवढा पूर्व देश हवा होता, तेवढा त्यांनी तिच्या तोंडी घातला. त्याच जून महिन्यात पुण्यास बाजीरावाच्या गळ्यात इंग्रज आपला तह बांधीत होते. फारसी आणि मराठी जाणणारा एल्फिन्स्टन तेथे वकील होता. आणि इकडे मायदेशी बाथच्या एका दिवाणखान्यात प्रतिष्ठित स्त्रिया या राजकन्येपुढे गुडघे टेकीत होत्या.

बिंग फुटले ते विद्येने नव्हे. भाडेकरू ठेवणाऱ्या ब्रिस्टलच्या एका नील नावाच्या बाईने वर्तमानपत्रातील वर्णन वाचले आणि आपल्या घरी राहून गेलेली मुलगी ओळखली. तिच्या मुलींच्या करमणुकीसाठीही ती असलीच मनची भाषा बोलत असे! राजकन्या म्हणजे डेव्हन परगण्यातील विदरिज गावच्या जोडे शिवणाऱ्याची लेक, मेरी विलकॉक्स. लग्नानंतरचे आडनाव बेकर. घरोघर मोलकरीण म्हणून राबलेली, कामावरून निघालेली, रस्त्यावर आलेली. तिला एक मूल झाले होते; ते तिने लंडनच्या अनाथार्भकालयात दिले, आणि तेथेच ते गेले. भटकी इंग्रज पोर म्हणून तिच्या वाट्यास कोठडी होती. परदेशी म्हणून पाहुणचार. हा हिशेब तिला समजला होता.

तिने नोल पार्कातून काही चोरले नाही. वॉरलबाईंनीही फिर्याद केली नाही. उलट स्वखर्चाने तिला फिलाडेल्फियास जाणाऱ्या जहाजावर बसवून दिले. या बाईंची लोकांनी टवाळी केली, पण सबंध प्रकरणात मला त्याच मोठ्या वाटतात. पुढे सप्टेंबरात ब्रिस्टलच्या एका पत्रात बातमी झळकली की, कॅराबू वाटेत सेंट हेलेना बेटावर उतरली आणि कैदेतील नेपोलियन तिच्यावर भाळला. ही थाप तर तिच्यावाचूनच उठली होती.

अमेरिकेत कॅराबूचे नाव फार दिवस चालले नाही. १८२४ साली ती इंग्लंडला परतली व लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर पैसे घेऊन आपले दर्शन देऊ लागली. पण लोकांचे कुतूहल संपले होते. मग ती ब्रिस्टललाच बेडमिन्स्टर भागात संसार करून राहिली आणि तेथील इस्पितळास जळवा पुरविण्याचा धंदा तिने वर्षानुवर्षे चालविला. १८६४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ती वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसविण्यात आला नाही.