आबिसिनियाला निघालेलं यंत्र गोव्यात उतरलं

परवा ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याचा मोबाईलवर निरोप आला. भाषा मराठी, लिपी रोमन. त्यातला एक शब्द ‘पण’ की ‘पान’, हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं. वैतागलो, आणि मग हसू आलं. कारण ही अडचण गोव्यात चारशे वर्षांपूर्वीच एका माणसाला पडली होती.

भारतातला पहिला छापखाना गोव्यात सुरू झाला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण तो गोव्यासाठी आलाच नव्हता! १५५६ मध्ये लिस्बनहून निघालेल्या जहाजावर आबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जाणारे जेझुइट पाद्री होते आणि हे यंत्रही त्यांच्याच बरोबर होतं. सप्टेंबरात जहाज गोव्याला लागलं. तिकडच्या सम्राटाला या मंडळींचं अगत्य नव्हतं, म्हणून पुढचा प्रवास खोळंबला आणि यंत्र इथेच राहिलं. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात त्याच वर्षी छपाई सुरू झाली.

पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात आला. आपला फादर स्टीफन! त्याने मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, पण रोमन अक्षरांत. देवनागरीचा खिळा गोव्यात नव्हताच. त्याला इच्छा नव्हती असं नाही. इथल्याच लिपीत छापावं, असं त्याने १६०८ मध्ये रोमला लिहिलं होतं. पण काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरली की साचे शेकड्यांनी लागणार. रोमनचं काम चोवीस अक्षरांत भागत होतं. मग त्याने ‘ट’, ‘ड’, ‘ण’, ‘ळ’ दाखवायला रोमन अक्षरं जोडून दुप्पट लिहायची युक्ती काढली. आपण मोबाईलवर तेवढीही तसदी घेत नाही.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. १७५४ मध्ये छपाईही थांबवली गेली. गोव्यात पुन्हा छापखाना आला तो १८२१ मध्ये, तोही सरकारी. तोवर दूर बंगालमधल्या श्रीरामपूरला, १८०५ मध्ये, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून झालं होतं. यंत्र आपल्या दारात अडीचशे वर्षं आधी, आणि आपली अक्षरं मात्र छापली गेली हुगळीच्या काठी.

क्रिस्तपुराणाच्या त्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. हाताने नकललेल्या पोथ्यांनी ते काव्य जगवलं. आमच्यासारख्या कारकुनांना ही गोष्ट ऐकून थोडं बरं वाटतं!

स्टीफनला साचे मिळाले नाहीत. आज देवनागरी प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. सहकाऱ्याला मी देवनागरीतच उत्तर पाठवलं. टंकायला वेळ लागला, पण त्याला ते दोनदा वाचावं लागलं नसणार.