एलिचपूर ब्रिगेड

एलिचपूर ब्रिगेड ही वऱ्हाडातील एलिचपूर (सध्याचे अचलपूर, जि. अमरावती) येथील नवाब सलाबतखान यांनी इ.स. १७८८ मध्ये उभारलेली फौज होती. भारतीय सैन्याच्या कुमाऊँ रेजिमेंटची चौथी बटालियन आपली परंपरा या फौजेपासून मानते.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडावर निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी हिवरखेडजवळील अडगाव येथे आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडले. तो प्रदेश निजामाकडे गेला. या युद्धात सलाबतखान इंग्रजांच्या बाजूने होते.

हैदराबाद कंटिंजंट

पुढे ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या सैन्यात सामील झाली. या सैन्याचा खर्च निजामाने द्यावयाचा होता. तो थकत जाऊन कर्ज वाढले. परिणामी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला आणि तेथील महसुलातून सैन्याचा खर्च भागवला जाऊ लागला. याच सैन्याला ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नाव मिळाले. एलिचपूर ब्रिगेडची परंपरा त्यातील पाचव्या पायदळ पलटणीकडे आली. १८५८ मध्ये ह्यू रोजच्या मध्य भारतातील मोहिमेत कंटिंजंटच्या तुकड्या इंग्रजांच्या बाजूने लढल्या. १९०२ च्या करारानंतर कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले व १९०३ मध्ये पाचवी पलटण ‘९८वी इन्फंट्री’ झाली.

महायुद्धे

नोव्हेंबर १९१४ मध्ये ९८वी इन्फंट्री पूर्व आफ्रिकेतील टांगा येथे जर्मन सैन्याविरुद्ध लढली. लढाईत चवताळलेल्या मधमाश्यांनी तुकडीवर हल्ला केल्याने तिची फळी विस्कळीत झाली. इंग्रजांना माघार घ्यावी लागली. १९२२ च्या पुनर्रचनेत ती १९व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन बनली. जानेवारी १९४२ मध्ये मलायातील स्लिम नदीच्या लढाईत बटालियनची मोठी हानी झाली. फेब्रुवारीत सिंगापूर पडल्यावर उरलेले सैनिक जपान्यांचे युद्धकैदी झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ

२७ ऑक्टोबर १९४५ रोजी रेजिमेंटला कुमाऊँ हे नाव मिळाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे चौथ्या बटालियनच्या एका कंपनीने श्रीनगर विमानतळाकडे येणाऱ्या टोळीवाल्यांना रोखून धरले. या लढाईत वीरमरण आलेले कंपनीप्रमुख मेजर सोमनाथ शर्मा परमवीर चक्राचे पहिले मानकरी ठरले.