बावची, ऊन आणि पाप

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सातवा अध्याय कुष्ठाचा आहे आणि त्याच्या शेवटी शेवटी श्वित्र येते. श्वित्र म्हणजे आपले कोड, पांढरे डाग. तिथे थोड्याच श्लोकांच्या अंतराने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली उपचाराची: रानउंबराचा रस गुळाबरोबर देऊन रुग्णाचे पोट साफ करावे, अंगाला तेल लावून त्याला सोसेल तेवढे ऊन घ्यायला लावावे, डागावर फोड उठले की ते काट्याने फोडून पाणी जाऊ द्यावे. दुसरी कारणांची: खोटे बोलणे, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अवमान, पापकर्म, पूर्वजन्मीचे कर्म आणि विरुद्ध अन्न. वनस्पतीच्या जोडीला ऊन हे पहिल्या गोष्टीतले मर्म विसाव्या शतकाच्या प्रयोगशाळेत खरे ठरले. दुसऱ्या गोष्टीतले एकही कारण खरे ठरले नाही. माझे म्हणणे असे की कोडाचा आपल्याकडचा इतिहास या दोन गोष्टींच्या वेगवेगळ्या प्रवासाचा इतिहास आहे. खरे होते ते वैद्याच्या पोथीत राहिले, खोटे होते ते घरोघर पोचले, आणि कोड असलेल्या माणसाचे हाल रोगाने केले नाहीत तेवढे या दुसऱ्या गोष्टीने केले.

जुन्या वैद्यांची नजर किती बारीक होती ते आधी पाहू, कारण त्याशिवाय नेमके काय वाया गेले ते कळणार नाही. सुश्रुताने किलास (कोडाचे आणखी एक जुने नाव) कुष्ठाच्याच प्रकरणात घातले, पण दोहोंतला भेदही लगेच नोंदवला: किलास फक्त त्वचेपुरते असते आणि त्यातून स्राव होत नाही. वाग्भट त्याच्या पुढे जातो. ज्या डागावरचे केस पांढरे झालेले नाहीत, जो फार पसरलेला नाही, शेजारच्या डागात मिसळलेला नाही, नवा आहे आणि भाजल्यामुळे आलेला नाही, तो बरा होईल, असे तो म्हणतो. पण डाग गुह्यभागावर, तळहातावर किंवा ओठावर असेल तर नवा असला तरी वैद्याने हाती घेऊ नये. आज त्वचारोगतज्ज्ञ भिंगाखाली डाग पाहतो तेव्हा आधी त्यावरच्या केसांचाच रंग बघतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी पृष्ठभागावरून नष्ट झाल्या तरी केसांच्या मुळाशी त्यांचा साठा उरलेला असतो, आणि उपचाराने रंग परत येऊ लागतो तो या मुळांपासून. म्हणूनच बऱ्या होणाऱ्या डागात आधी तपकिरी ठिपके उमटतात आणि मग ते एकमेकांना मिळतात. केसच पांढरा झाला असेल तर साठा संपलेला असतो. ओठावर आणि तळहातावर केसांची मुळेच नसतात, तेव्हा रंग यायचा कुठून? वाग्भटाला पेशी ठाऊक नव्हत्या. पण डाग कुठे बरा होतो आणि कुठे होत नाही, याची नोंद पिढ्यान् पिढ्या रुग्ण पाहिल्याशिवाय होत नाही.

आता घरोघर काय पोचले ते पाहा. मासे खाऊन वर दूध पिऊ नये, कोड उठेल, हे मराठी घरांत वाढलेल्या बहुतेकांनी ऐकलेले असते. डाग दिसला की आंबट बंद, दही बंद, लिंबू बंद. डागावरच्या केसाचा रंग बघावा, हे मात्र कोणत्याही आजीने नातवंडाला सांगितल्याचे ऐकिवात नाही. लग्नाचा नियम तर आणखी पक्का. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सोयरीक टाळावी अशा कुळांच्या यादीत श्वित्र असलेले कूळ आहे आणि कुष्ठ असलेले कूळही आहे, दोन्ही वेगवेगळी मोजलेली. दोन रोगांतला भेद ठाऊक होता, शिक्षा मात्र एकच. पुढे व्यवहारात तो भेदही पुसला गेला. हान्सेनने १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढल्यावर खरे तर गोंधळाला जागा उरली नव्हती. कुष्ठरोगाच्या चट्ट्याची संवेदना जाते, कोडाच्या डागाला टाचणी टोचली तर नेहमीसारखीच कळते. ब्रिटिश सरकारच्या १८९८ च्या कुष्ठरोग्यांविषयीच्या कायद्यानेही व्रण झालेल्या कुष्ठरोग्यालाच आपल्या व्याख्येत घेतले, म्हणजे कोड असलेला माणूस त्याच्या कचाट्यात येत नव्हता. पंगतीतली आणि लग्नाच्या बैठकीतली व्याख्या मात्र कायद्याहून कडक राहिली.

यावर कोणी म्हणेल की पापाच्या श्लोकाला मी नको तेवढे महत्त्व देतो आहे. जुने वैद्य व्यवहारी होते, ते लेप देत आणि ऊन देत, पापाचा हिशेब मागत नव्हते. वैद्यापुरते हे बऱ्याच अंशी मान्य आहे. पण कारणाची कल्पना वैद्यापाशी थांबत नाही. रोग स्वतःच्या वागण्याने किंवा खाण्याने येतो असे एकदा ठरले की उपचार फसल्याचा दोष औषधाकडे जात नाही, रुग्णाकडे जातो. पथ्य मोडले असेल, काही लपवले असेल, कर्म भोगायचे राहिले असेल. अशा हवेत औषध किती द्यावे, ऊन किती वेळ द्यावे, कुणाला फोड येतात आणि कुणाला येत नाहीत, हे प्रश्न कुणाला पडतच नाहीत. ओठावरचा डाग असाध्य आहे इथपर्यंत पोचलेली नजर ओठच का, इथे थबकली, याचे एक कारण मला यात दिसते.

औषधाची परीक्षा खऱ्या अर्थाने सुरू झाली ती विसाव्या शतकात, आणि काही काळ आपल्याच देशात. पुढच्या ग्रंथांत या उपचाराचा कणा बनलेले काळपट, उग्र वासाचे बावचीचे बी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रांनी तपासले. १९२७ साली त्यांचा आणि चटर्जींचा त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९३३ मध्ये जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव या रसायनतज्ज्ञांनी त्या बियांतून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. बावचीच्या शास्त्रीय नावावरून ते सोरॅलेन म्हणून ओळखले जाते. हे द्रव्य त्वचेवर लावले किंवा पोटात घेतले आणि मग त्वचेवर अतिनील किरण पडले, तरच काम करते. अंधारात ते जवळजवळ निष्क्रिय असते. चरकाच्या उन्हाचे मर्म ते हे, आणि त्या फोडांचेही. किरण जास्त झाले की हीच क्रिया त्वचा भाजते.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अभिमानाच्या बाजूने येतो: मग सगळे आपल्याकडे होतेच, पाश्चात्त्यांनी नुसते नाव बदलले. तसे नाही. तेराव्या शतकातला अरब वैद्य इब्न अल-बैतार उत्तर आफ्रिकेतल्या दुसऱ्याच एका झाडाच्या, आम्मी माजुसच्या, बिया देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याची रीत लिहून ठेवतो. त्या बियांतही याच कुळातली द्रव्ये आहेत. म्हणजे निरीक्षण दोन ठिकाणी झाले, आणि दोन्ही ठिकाणी शतकानुशतके तिथेच थांबले. कैरोमध्ये १९४७ च्या सुमारास फाहमी आणि अबू-शादी यांनी आम्मी माजुसमधली द्रव्ये वेगळी केली, अब्देल मोनेम अल-मोफ्ती यांनी ती कोडाच्या रुग्णांना दिली आणि १९४८ मध्ये निष्कर्ष मांडले. १९७४ मध्ये हार्वर्डच्या पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि मधुकर पाठक प्रभृतींनी सोरॅलेनची गोळी आणि मोजून दिलेले दीर्घ तरंगलांबीचे अतिनील किरण, अशी जोडी आधी सोरायसिससाठी सिद्ध केली; पुढे ती कोडासाठीही रुळली. नवीन होती ती मात्रा. उन्हात किती किरण आहेत ते ढगावर, तासावर आणि ऋतूवर ठरते, दिव्याचे किरण मोजता येतात. मोजता आले तेव्हाच अपयश नोंदवता आले, आणि मग सोरॅलेनच वगळून ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्ट्याचा प्रकाश जास्त सुरक्षित ठरतो, हेही ॲमस्टरडॅममधल्या १९९७ च्या अभ्यासातून पुढे आले. आज बहुतेक दवाखान्यांत हेच दिवे वापरतात, आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. बावचीचे तेल चोळून दुपारच्या उन्हात बसलेला रुग्ण भाजून दवाखान्यात येतो तेव्हा नडलेली असते ती मात्रा.

आणि कारण? शरीराचीच संरक्षक यंत्रणा रंग देणाऱ्या पेशींना परके समजून मारते. म्हणून कोडाबरोबर कधी कधी थायरॉइडचा विकारही आढळतो आणि त्याची तपासणी सुचवली जाते. अनुवंशाचा वाटा आहे, पण कोड असलेल्या आईबापांच्या बहुतेक मुलांना कोड होत नाही. जगात शंभरात सुमारे एकाला किंवा त्याहून कमी लोकांना हा विकार असतो, आणि स्पर्शाने तो कुणालाही होत नाही. दूध आणि मासे, दही आणि लिंबू यांनी तो येतो, याला पुरावा नाही. बाहेरून येणारी कारणे आहेत, पण ती भलतीच निघाली. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडले. दोष निघाला रबरी हातमोज्यांतल्या एका रसायनात. आपल्याकडे टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने नेमका टिकलीएवढा डाग कपाळावर उमटल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञ ओळखून आहेत. अशा डागाला टिकली बदलणे हा पहिला उपचार, आणि तिथे पूर्वजन्माचा काही संबंध नाही.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशनमार्फत कोडाच्या रुग्णांना एकत्र आणले, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००६ च्या ‘नितळ’ चित्रपटात कोड असलेल्या एका नेत्रतज्ज्ञ तरुणीला नायिका केले. हे काम मला नव्या औषधांइतकेच मोलाचे वाटते, कारण घरोघर पोचलेली चूक दवाखान्यातून दुरुस्त होत नाही. औषधेही पुढे गेली आहेत. स्थिरावलेल्या डागांवर त्वचेचे पातळ रोपण करण्याची पद्धत दिल्लीत प्राणनाथ बहल यांनी १९६४ मध्येच मांडली होती. संरक्षक पेशींचा हल्ला रोखणाऱ्या रुक्सोलिटिनिब या मलमाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये बारा वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. त्याच्या चाचण्यांत चोवीस आठवड्यांनी सुमारे तीस टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचे डाग पाऊण हिस्सा किंवा त्याहून अधिक भरून आले. चेहरा लवकर प्रतिसाद देतो, बोटांची टोके हट्टी राहतात, आणि उपचार सुरू व्हायला जितका उशीर तितकी आशा कमी. पहिला डाग दिसल्यावर जे महिने दही बंद करून आणि स्थळांपासून डाग लपवून जातात, ते नेमके हेच महिने असतात.