नाशिक कटातील ब्राउनिंग पिस्तुले : क्रमांक व खुणांवरून कालनिश्चिती

प्रस्तावना : दि. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगप्रसंगी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. या घटनेतील शस्त्राचा उल्लेख इतिहासग्रंथांतून ‘ब्राउनिंग पिस्तूल’ एवढाच येतो. वस्तुरूप पुराव्याच्या दृष्टीने हे नाव अपुरे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे भारतीयांना परवान्याविना शस्त्र बाळगणे अशक्य झाले होते. १९०९ च्या प्रारंभी वि. दा. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हस्ते पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस पाठविली. पुढे अमीन माफीचा साक्षीदार झाला. वधासाठी वापरलेले पिस्तूल या वीसांपैकीच होते, या दुव्यावर सावरकरांवरील वधास साहाय्य केल्याचा आरोप मुख्यत्वे आधारलेला होता. ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दुसरी जन्मठेप झाली.

खुणांचे वाचन : जॉन ब्राउनिंग हे संरचनाकाराचे नाव होय, कारखान्याचे नव्हे. १९०९ पर्यंत बेल्जियममधील एर्स्ताल येथील ‘फाब्रिक नास्योनाल’ कारखान्याचे १९०० (७.६५ मि.मी., म्हणजे .३२), १९०३ (९ मि.मी.) व १९०६ (६.३५ मि.मी.) हे नमुने प्रचलित होते. अमेरिकेतील कोल्ट कारखानाही ब्राउनिंगच्या संरचनेचे .३२ चे पिस्तूल १९०३ पासून तयार करीत होता. त्यामुळे प्रथम कारखान्याचा लेख, नंतर नळीचा व्यास आणि शेवटी क्रमांक असा परीक्षणाचा क्रम असावा. प्रत्येक नमुन्याची क्रमांकमालिका स्वतंत्र असल्याने नमुना निश्चित केल्याविना क्रमांकास अर्थ प्राप्त होत नाही. सांगाडा, सरकता भाग व नळी यांवरील क्रमांक जुळत नसल्यास सुटे भाग बदलले असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. लिएजच्या चाचणीगृहाने वर्षदर्शक अक्षर १९२२ पासून उमटविण्यास आरंभ केला. मूळ चाचणीखुणांसह असे अक्षर असलेले पिस्तूल १९०९ चे असू शकत नाही. १९१० चा नमुनाही त्याच कारणाने वर्ज्य ठरतो.

तुलना : १९१४ च्या साराजेव्हो हत्याकांडातील पिस्तूल दीर्घकाळ अनेक लेखनांत १९०० च्या नमुन्याचे मानले गेले. मात्र १९०७४ या क्रमांकाने ते १९१० च्या नमुन्याचे असल्याचे सिद्ध झाले. एका क्रमांकाने रूढ समजूत दूर झाली.

समारोप : क्रमांक व खुणा शस्त्राच्या निर्मितीचा काळ सांगतात, ते कोणाच्या हाती होते हे सांगत नाहीत. त्यासाठी न्यायालयीन कागदपत्रे व साक्षीच आवश्यक होत. त्यामुळे ‘नाशिक कटातील’ म्हणून पुढे येणाऱ्या कोणत्याही पिस्तुलाची दोन्ही प्रकारे कसोटी लागली पाहिजे. खुणा विसंगत असल्यास दावा तेथेच संपतो. त्या सुसंगत असल्यास संशोधनास केवळ प्रारंभ होतो. हुतात्म्यांविषयीचा आदर अशा काटेकोरपणाने कमी होत नाही, उलट त्यास प्रमाणाचा आधार मिळतो.