फोंड्याचा कोट आणि भरती-ओहोटीचे गणित

आमची आजी देवाच्या स्थलांतराची कथा सांगू लागली की घरातील दिव्याची वातसुद्धा स्थिर होते, असे लहानपणी वाटे. काळोखी रात्र, होडीत वस्त्रात गुंडाळलेला देव, वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांना बांधलेल्या चिंध्या, आणि मध्यावर येताच होडी गाळात रुतणार तोच अवेळी चढलेली भरती. “नदीने देवाला वाट दिली,” असे म्हणून आजी हात जोडी आणि कथा संपे.

पुढे लिसेंवात शिकत असता पोर्तुगालच्या राजांच्या वंशावळी आणि विजरईंच्या नावांच्या माळा पाठ कराव्या लागल्या. त्यांत आजीची कथा कोठेच नव्हती. त्यानंतर नोकरीची बहुतेक वर्षे बंदरखात्यातील कारकुनीत गेली. रोज टेबलावर भरती-ओहोटीची कोष्टके असत. इतिहासाची, विशेषतः लढायांची व गडकोटांची आवड पहिल्यापासून होतीच. कोष्टकांच्या सहवासात तिला एक वेगळे वळण लागले. नदी अवेळी भरत नाही, तिचे वेळापत्रक ठरलेले असते, आणि ज्याला ते कळते त्यालाच ती वाट देते, हे ध्यानात येत गेले. आजीची कथा त्यामुळे खोटी ठरली नाही. उलट तिचा अर्थ अधिक स्पष्ट झाला. त्या अर्थाचा विचार श्रींच्या महाजन बांधवांपुढे या स्मरणिकेच्या निमित्ताने ठेवीत आहे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणावा. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी आणि या दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. या तिघींच्या वेढ्यात तिसवाडीचे बेट आहे. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने हे बेट आदिलशहाकडून जिंकले, आणि पुढे १५४३ च्या सुमारास साष्टी व बारदेश हे महालही पोर्तुगीजांकडे गेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले आणि त्या दशकात साष्टी-बारदेशातील देवळे एकामागून एक पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास. आपापल्या गावाहून निघालेली ही दैवते फोंड्याभोवती दहा किलोमीटरांच्या परिघात येऊन स्थिरावली. असे का व्हावे?

“नदीपलीकडे परक्यांचे राज्य नव्हते म्हणून,” हे उत्तर आपण सर्वजण देतो. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. नदी ही भिंत नव्हे. ती दिवसातून दोनदा भरते व दोनदा ओसरते. ज्याच्याजवळ होड्या आहेत त्याला ती रस्ताच असते, आणि होड्यांच्या बाबतीत पोर्तुगीजांची बरोबरी करणारा त्या काळी या किनाऱ्यावर क्वचितच होता. जुवारी ओलांडून दुर्भाटला उतरणे त्यांना कठीण नव्हते. कठीण होते ते उतरल्यानंतर पुढे जाणे; कारण तेथून थोड्याच अंतरावर फोंड्याचा कोट उभा होता. नदी हे दार मानले तर कोट हे त्या दाराचे कुलूप होते. देव नुसते नदीपलीकडे आले नाहीत, ते या कुलपाच्या आत आले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. त्या वेळी हे कुलूप विजापूरच्या आदिलशहाच्या हाती होते. त्याच्या मुलखात, त्याच्या शिबंदीच्या आसऱ्याने आपल्या पूर्वजांनी देवांची पुन्हा स्थापना केली. त्याने हे आपल्या देवांच्या प्रेमाने केले असे नाही. राज्याची सीमा राखणे हा त्याचा हेतू होता. तथापि आपली दैवते त्या सीमेच्या आत निर्भयपणे नांदली. या ऋणाचा उच्चार आपल्या सभांतून सहसा होत नाही. तो व्हावयास हवा.

पाण्याची ही भिंत दोन्ही बाजूंनी उभी होती, हेही विसरता कामा नये. १५७० मध्ये अली आदिलशहा प्रचंड फौज घेऊन तिसवाडीच्या समोर येऊन बसला. विजरई लुईस द आताईद याच्याजवळ माणसे थोडी होती. पण उतारावरच्या जागा आणि होड्या त्याच्या हाती होत्या. सुमारे दहा महिने वेढा चालून तो १५७१ मध्ये उठवावा लागला. भूमीवरील बलाढ्य सैन्य चिंचोळ्या खाडीपाशी अडले. पाण्यावर पोर्तुगीज भारी आणि जमिनीवर देशी सैन्य भारी, असा हा तोल पुढे पावणेदोनशे वर्षे टिकला.

छत्रपती शिवाजी महाराजांनी या कुलपाचे मोल ओळखले होते. १६६६ मध्ये फोंड्यास घातलेला वेढा यशस्वी झाला नाही. १६७५ च्या एप्रिलमध्ये महाराज स्वतः आले. किल्लेदार महंमदखान चिवटपणे लढला. पोर्तुगीजांनी वरकरणी तटस्थता दाखवून आतून त्याला रसद पोहोचविण्याचा प्रयत्न केला, कारण मराठ्यांपेक्षा दुबळी आदिलशाही हा शेजार त्यांना अधिक सोयीचा होता. महाराजांनी तटाखाली सुरुंग खणविले, शिड्या तयार केल्या, आणि शिडीवर प्रथम चढणाऱ्यांसाठी सोन्याची कडी करविली, असे सांगतात. मे महिन्याच्या आरंभी कोट पडला. हंगामाकडे लक्ष द्यावे. आणखी महिनाभराने पाऊस कोसळला असता, सुरुंगाची दारू भिजली असती आणि वेढा आपोआप उठला असता. कोकणातील लढाईत शत्रूइतकाच पंचांगाचाही विचार करावा लागे.

या कोटाची खरी कसोटी लागली ती १६८३ मध्ये. संभाजी महाराजांनी चौल-रेवदंड्याकडे पोर्तुगीजांना जेरीस आणले होते. त्यांचे लक्ष तिकडून वळवावे म्हणून विजरई फ्रांसिश्कु द ताव्होरा, कोंद द आल्व्होर, नोव्हेंबरच्या आरंभी तोफा घेऊन दुर्भाटमार्गे फोंड्यावर चालून आला. कोटात येसाजी कंक आणि त्यांचा पुत्र कृष्णाजी होते. तोफांनी तटाला खिंडार पाडले, पण आतल्या मावळ्यांनी ते लढवून धरले. इतक्यात संभाजी महाराज स्वतः मदतीस येऊन पोहोचले आणि विजरईला माघारी फिरून नदी गाठावी लागली. येसाजी जखमी झाले. कृष्णाजी त्या लढाईतील जखमांनी पुढे मृत्यू पावले. राजगडच्या मुलखातील हा तरुण आपल्या देवळांपासून हाकेच्या अंतरावर लढला. आपल्यापैकी कितीजणांना त्याचे नाव ठाऊक आहे?

विजरईच्या सैन्यात गोरे शिपाई थोडे आणि साष्टी-तिसवाडीकडील देशी माणसे पुष्कळ होती, हेही सांगणे प्राप्त आहे. तीही आपल्याच गावांची, कित्येकदा आपल्याच कुळांची माणसे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांचे आजे-पणजे एका मंडपात बसत, त्यांचे वंशज तटाच्या दोन बाजूंना उभे होते. इतिहासाची ही बाजू दुःखाची आहे, पण तीही आपलीच आहे.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच ते घडले, ज्यासाठी मी मुद्दाम जुनी कोष्टके मांडून बसलो. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री, दहाच्या सुमारास, ओहोटीची वेळ साधून सुमारे चाळीस मराठे जुवे बेटावर उतरले आणि त्यांनी तेथील डोंगरावरचा कोट घेतला. हे बेट म्हणजे राजधानीचा उंबरठाच. आपल्याकडील दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, हे सर्वांना माहीत आहेच. चंद्राचे गणित मागे नेले असता ती रात्र शुक्ल पक्षातील षष्ठी-सप्तमीची येते. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पूर्ण भरती पहाटे साडेचारच्या सुमारास आणि तिच्या सहा तास आधी, रात्री साडेदहाला, पूर्ण ओहोटी. जुन्या नोंदीतील वेळ आणि होडीवाल्याचा हिशेब असे तंतोतंत जुळलेले पाहून माझ्यासारख्या कारकुनाला किती आनंद झाला, हे सांगता येत नाही. शिवाय ती उधाणाची नव्हे, भांगाची ओहोटी होती. पाणी फार उतरलेले नसणार. त्या चाळीसजणांना तिथी अनुकूल नव्हती. पण घटका त्यांनी अचूक साधली. त्यांना वाट दाखविणारा कोणी तरी या खाड्यांच्या काठचाच माणूस असला पाहिजे, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजरई सुमारे चारशे शिपायांसह कोट परत घेण्यास आला. मराठी घोडेस्वारांनी त्याची दाणादाण उडविली. विजरईच्या दंडाला गोळी लागली. पळणारे कित्येक चिखलात आणि पाण्यात सापडले, आणि तो स्वतः कसाबसा होडीत बसून निसटला. तो दिवस २५ नोव्हेंबर, सेंट कॅथरिनचा सण. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवे जिंकले तो हाच दिवस. लिसेंवात आम्ही ही तारीख घोकली होती. पण तिचे १६८३ मधील हे दुसरे रूप आम्हाला कोणी शिकविले नव्हते. भयभीत विजरईने बॉं जेजूच्या चर्चमध्ये जाऊन सेंट झेवियरच्या शवापाशी आपला अधिकारदंड ठेवला आणि राज्य त्याच्या स्वाधीन केले, हे पोर्तुगीज लेखकांनीच लिहून ठेवले आहे. संकटात माणूस आपल्या देवापाशीच जातो. त्यात हसण्यासारखे काही नाही.

डिसेंबरात मराठी फौजा साष्टी-बारदेशात शिरल्या. तेथील रयतेला त्या महिन्यात फार सोसावे लागले, हेही लपवून चालणार नाही. परंतु शहाआलमची मोगल फौज रामघाटाने उतरल्याची बातमी येताच, १६८४ च्या जानेवारीत संभाजी महाराजांना गोवे सोडावे लागले. पोर्तुगीज बचावले, मात्र त्यांना इतकी धास्ती बसली की राजधानी मुरगावला हलविण्याचे ठरून तेथे बांधकामही सुरू झाले.

यानंतरचा काळ आपल्या देवालयांच्या इतिहासात पाहावा. आज आपण जी देवळे पाहतो, त्यांतील मोठी बांधकामे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने कवळ्याचे देवालय १७१३ ते १७३८ या काळात उभे राहिले. रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शब्दावरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव श्रीमंगेशास इनाम दिला. सीमा डळमळीत असेपर्यंत कोणी दगडी शिखर चढवीत नाही. ती चढली, याचा अर्थ कुलूप भक्कम असल्याचा लोकांना विश्वास वाटू लागला होता.

पोर्तुगीजांनी ते कुलूप आणखी एकदा फोडू पाहिले. १७५६ च्या जूनमध्ये विजरई लुईस माश्करेन्यश, कोंद द आल्व्ह, फोंड्यावर चालून आला. मराठ्यांचा हा कोट तेव्हा मर्दनगड म्हणून ओळखला जात होता. ऐन पावसाळ्यात घाटावरून मदत उतरणे कठीण, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हंगामातील धाडसाचा उलगडा होतो. परंतु चिखल सर्वांना सारखाच. २८ जूनला तो विजरई फोंड्यापुढे ठार झाला. एकाच कोटापुढे एक विजरई परतला आणि दुसरा पडला.

शेवटी १७६३ च्या जूनमध्ये, पानिपतानंतरच्या अडचणीत मराठी सत्ता सापडली असता, फोंडा पोर्तुगीजांच्या हाती गेलाच. मग कोटाचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. या प्रश्नाच्या उत्तरासाठीच हा सर्व प्रपंच केला. १५६० च्या दशकात देव आले, १७६३ मध्ये कोट गेला. मधली सुमारे दोनशे वर्षे कोटाने मिळवून दिली. या दोनशे वर्षांत जिंकणाराच बदलला होता. १७५९ मध्ये पोंबालने जेझुइटांना हद्दपार केले होते. धर्मापेक्षा राज्याचा हिशेब मोठा झाला होता. नव्या काबिजादीतील लोकांच्या देवळांना व चालीरीतींना हात लावणार नाही, असे अभय पोर्तुगीजांनी दिले, आणि सामान्यतः ते पाळले. हैदरअलीच्या स्वारीमुळे राज्य गमावलेला सौंद्याचा राजाही आश्रयास येऊन आपल्या बांदिवड्यातच राहिला. हाच मुलूख दोनशे वर्षे आधी पडला असता, तर आज आपण कोणत्या मंडपात बसलो असतो? कोटाने अखेरचा विजय दिला नाही. त्याने वेळ दिला. अनेकदा तेवढे पुरते.

आज त्या जुन्या तटाचा माग काढणे कठीण आहे. फर्मागुडीवर छत्रपतींचे स्मारक उभे आहे, त्याला आपण नमस्कार करतो, ते योग्यच आहे. पण मुंबईहून, मंगळूर-कारवारकडून जत्रेला येणाऱ्या आपल्या मुलानातवंडांना एकदा तरी दुर्भाटच्या धक्क्यावर न्यावे, नदी दाखवावी, पाणी कोणत्या वेळी चढते व कोणत्या वेळी उतरते ते सांगावे, आणि तेथून फोंड्याकडे बोट करून कृष्णाजी कंकाचे नाव घ्यावे. महंमदखानाचेही घ्यावे, तोही याच तटावर लढला. देवळाच्या देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो. देवळाबाहेर, नदीच्या वाटेवर ज्यांनी दोनशे वर्षे पहारा केला, त्यांच्या नावाने पालखीच्या रात्री निदान एक नारळ ठेवावा, अशी माझी महाजनसभेस नम्र सूचना आहे.

आजी म्हणे, नदीने देवाला वाट दिली. आता मी तिच्या वाक्याला एवढेच जोडीन, की नदीने वाट दिली आणि माणसांनी ती राखली. त्या माणसांचे स्मरण आपल्या घराण्यांतून अखंड राहो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.